नानांचा लांबलेला चातुर्मास

घर दाखवण्याआधी नानांनी मला काट्यावर उभं केलं.

साक्रीला माझी नुकतीच बदली झाली होती आणि लग्नही नुकतंच झालं होतं, त्यामुळे लहानसहान अपमान मी मनाला लावून घेत नसे. पण भाड्याने खोली बघायला आलेल्या माणसाचं वजन करतात, हे माझ्या ऐकण्यात नव्हतं. काटा पोती मोजायचा. नानांची पिठाची गिरणी होती, गिरणीच्या मागे आवार, आवारात त्यांचं घर आणि आम्हाला हव्या होत्या त्या दोन खोल्या. नानांनी काट्याचं वजन पुढे सरकवलं, मागे सरकवलं, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू कोणी दळणात निम्मा कोंडाच आणलाय.

"बावन्न," ते म्हणाले. "जेवता ना भाऊसाहेब?"

"जेवतो की."

"मग जातं कुठं?"

मागे आमची ही उभी होती. तिला वाटलं आता आपला नंबर. ती पदर सावरून पुढे झाली, तर नाना दोन पावलं मागे सरकले. "बाईंचं नको. बायकांचं वजन मी करत नाही. एकदा करायला गेलो होतो." आत कोणीतरी खाकरलं. त्या नानी, हे नंतर कळलं.

शेवटी दुसरं कोणी येत नव्हतं म्हणून नानांनी मला घेतलं, पण एका अटीवर. आवारात वांगं भाजायचं नाही. भाजी करा, रस्सा करा, पण भाजायचं नाही. आम्हाला वाटलं, असेल काही पथ्य, एखाद्या महाराजांचं. आम्ही हो म्हणालो. माझी बायको यावलकडची आहे आणि तिच्या माहेरी थंडीत वांगी भाजायला चूल नाही, शेत लागतं, ही गोष्ट हो म्हणताना माझ्या ध्यानात राहिली नाही.

गावात सगळे त्यांना नानाच म्हणत. पन्नाशी उलटलेली, पोट बऱ्यापैकी, डोक्यावर पांढरी टोपी आणि सगळ्या अंगावर पिठाचा हलका थर. तुम्ही गिरणीत गेलात की नाना दिसत नसत, कारण तुम्ही समोर बघायचात आणि ते वर असायचे. दाराच्या चौकटीला बोटांनी लटकलेले. दळण होईपर्यंत माणूस लटकून राहू शकला पाहिजे, असा त्यांचा व्यायाम होता. बायका डबा खाली ठेवून नानांच्या गुडघ्यांशी बोलत. "नाना, जरा बारीक काढा." गुडघे म्हणत, "काढतो, अक्का."

कुठेही गेले तरी त्यांची नजर आधी भिंतीवर. एकदा एका घरी आम्ही दोघं दुखवट्याला गेलो होतो. सगळे खाली मान घालून बसलेले. नाना बराच वेळ समोरच्या दगडी भिंतीकडे बघत होते. लोकांना वाटलं, गहिवरले. निघताना त्यांनी घरच्या कर्त्या माणसाचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भिंतीला धरायला जागा फार चांगली ठेवली होती हो तुमच्या वडिलांनी." तो माणूस रडायला लागला. त्याला त्यात काय सापडलं देव जाणे.

हे वेड लागलं कसं, ते नानींनी सांगितलं. पिंपळनेरच्या पुढे, घाटाच्या अलीकडे सागाचं जंगल आहे. त्या जंगलाच्या कडेला नानांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या आबांचं शेत, आणि शेताच्या डोक्यावर एक काळा कडा. चार मजली इमारत उभी करावी एवढाच, पण सरळ. एका हिवाळ्यात पुण्या-मुंबईकडची काही पोरं तिथे येऊन राहिली. त्यांनी त्या कड्यात खालून वर ओळीने लोखंडी बोल्ट ठोकले आणि जिथे रांग संपते तिथे एक साखळी बसवली. खेळ असा: दोर कमरेला बांधायचा, हातापायांनी चढायचं, वाटेतल्या एकेका बोल्टला कडी लावून त्यात दोर अडकवायचा, आणि साखळीपर्यंत पोचायचं. दोराचं दुसरं टोक खालच्या माणसाच्या कमरेशी. चढणारा पडला तर खालच्याने दोर धरायचा. पडला तरच, हं. दोराने वर ओढणं म्हणजे लबाडी. खालच्या माणसाच्या कामाला पोरं बिले म्हणत. नाना त्या माणसाला बिलेवाला म्हणत, भाजीवाला म्हणावं तसं.

पोरांना काही तो कडा जमला नाही. नाना त्यांना पीठ पोचवायला जात आणि खाली उभं राहून सल्ले देत. शेवटी एक पोरगा वैतागून म्हणाला, "काका, हे तुमच्यासारख्यांचं काम नाही." पोरं गेली. दोर, पट्टे, कड्या नानांकडे ठेवून गेली, पुढच्या हिवाळ्यात येतो म्हणाली. ती आलीच नाहीत. ते वाक्य मात्र नानांच्या घरी मुक्कामाला राहिलं.

पोरं गेली त्याच हिवाळ्यात आबांच्या शेतात चंपाषष्ठीची भरीत पार्टी होती. आपल्याकडे चातुर्मासात वांगं खात नाहीत. चंपाषष्ठीला खंडोबाला भरिताचा नैवेद्य दाखवला की मग सुटतं, आणि सुटतं म्हणजे कसं सुटतं ते खानदेशी माणसाला सांगायला नको. पानं वाढली होती. कोणीतरी चेष्टेत म्हणालं, "नाना, चढा आता त्या कड्यावर, भरीत गार होईस्तोवर." नाना उठले, पान पुढे सरकवलं आणि सगळ्यांसमोर, खंडोबाच्या टाकावर हात ठेवून म्हणाले, "हा कडा चढल्याशिवाय भरीत वर्ज्य."

गावाचा चातुर्मास दरवर्षी चार महिन्यांत सुटायचा. नानांचा तीन वर्षं झाली तरी चालूच होता.

नवरा खात नाही म्हणून नानीही खात नसत. त्या असं तोंडाने कधी म्हणाल्या नाहीत. फक्त हिवाळ्यात बाजारात मोठी, पांढरट-हिरवी वांगी आली की नानी त्या ढिगापाशी उभ्या राहत, एक वांगं उचलून हातात जोखत, आणि मेथी घेऊन घरी येत.

नानांचा भाडेकरू तोच त्यांचा बिलेवाला, वजन करायचं ते त्यासाठीच. तर मी बावन्न किलोचा बिलेवाला झालो.

दर रविवारी पहाटेच्या एसटीने पिंपळनेर, तिथून बैलगाडीने आबांचं शेत. नानांचा पोशाख बघण्यासारखा असे. पांढरा पायजमा, वर चढाईचा पट्टा करकचून आवळलेला, डोक्यावर टोपी, पायात शाळेच्या पीटीचे कॅनव्हासचे बूट, दोन नंबर लहान. पाठीमागे कमरेला नानींचा पानसुपारीचा जुना बटवा, पण त्यात पीठ. पोरं हाताचा घाम टिपायला पांढरी पावडर वापरत. ती संपल्यावर नानांनी गिरणीवाल्याच्या अधिकाराने संशोधन केलं. बाजरीचं पीठ घसरतं. गव्हाचं कणीक होतं. बेसनाचा एकदा प्रयोग झाला, पण उन्हाळा होता आणि नानांच्या बोटांमध्ये अक्षरशः पिठलं तयार झालं. शेवटी तांदळाची पिठी पास झाली. तिच्यात दोष एकच: पुढच्या रविवारपर्यंत आबांच्या बकऱ्या खालच्या सगळ्या जागा चाटून स्वच्छ करून ठेवत. नाना म्हणत, "हे बरंच आहे. भांडी घासायला बाई ठेवल्यासारखं."

कड्याचं वर्णनही ते घरमालकासारखं करत. पहिला सपाट भाग म्हणजे ओटा. मग खिडकी. मग एक अरुंद भेग, ते माजघर. त्याच्यावर मात्र कडा पोट काढून बाहेर आला होता, आणि त्या पोटाला नाना सासुरवाडी म्हणत, कारण तिथे आत शिरणं अवघड आणि एकदा शिरलं की तोंड वर करता येत नाही. सासुरवाडीच्या वर साखळी. हातात काय येतं त्याचीही मापं ठरलेली: मूठ, चिमूट आणि नख. "खिडकीपर्यंत मूठ आहे भाऊसाहेब, माजघरात चिमूट, आणि सासुरवाडीला नुसतं नख." नखावर पंच्याऐंशी किलो कसे उभे राहणार, हा प्रश्न मी विचारत नसे. मी दोर बघत असे.

त्यांचं आणखी एक. चढताना ते माझ्याशी स्वच्छ, ऑफिसात बोलावं तसं मराठी बोलत. पडताना अहिराणी.

पहिल्याच महिन्यात ते पडले. "भाऊसाहेब, आता मी उजवा हात जरा वर..." इतकं प्रमाण मराठीत झालं आणि पुढचं "मरी गऊ रे" होतं. मी दोर सोडला नाही, हे माझ्या बाजूने सांगितलं पाहिजे. पण पंच्याऐंशी किलो खाली यायला लागले की बावन्न किलोंना वर जावंच लागतं. माझे पाय जमिनीवरून उचलले गेले. मी ओटा बघितला, खिडकी बघितली, आणि माजघराच्या खाली आम्हा दोघांची गाठ पडली. नाना डोकं खाली, पाय वर. टोपी जागेवर. क्षणभर आम्ही एकमेकांसमोर लोंबत राहिलो. दोन गाड्या क्रॉसिंगला थांबाव्यात तसे.

"बरं शे ना भाऊसाहेब?" नाना म्हणाले.

"बरं आहे."

"खाली कोण शे मग?"

खाली कोणीच नव्हतं. खाली बकऱ्या होत्या. आबांनी बांधावरून येऊन माझा पाय धरून मला ओढेपर्यंत आम्ही तिथेच होतो, आणि मधल्या वेळात नानांनी सासुरवाडीची खालची बाजू निवांत बघून घेतली. म्हणाले, वेळ वाया गेला नाही.

पुढच्या रविवारी नाना गिरणीतून ज्वारीचं अर्धं पोतं घेऊन आले आणि माझ्या पट्ट्याला बांधलं. मी म्हणालो, मला झाडालाच का बांधत नाही. नाना म्हणाले, "झाडाला बांधलेला माणूस गुरासारखा वागतो. त्याचं लक्ष चाऱ्याकडे." मग मी पोत्यासकट उभा राहायला लागलो. आमची ही एकदा बघायला आली होती. घरी आल्यावर म्हणाली, "दुरून पोतं कोणतं ते ओळखू येत नव्हतं."

आणि मग तिला दिवस गेले.

बायका डोहाळ्यात चिंच मागतात, कैरी मागतात. हिने मार्गशीर्ष लागायच्या आधी एका संध्याकाळी पुस्तक मिटलं आणि म्हणाली, "मले भरीत पाहिजे." एरवी ती माझ्यासारखंच बोलते. "मले" आलं की समजायचं, माहेर बोलतंय.

मी म्हणालो, "हॉटेलात बघू."

"हॉटेलात? गॅसवर भाजलेलं?" तिने माझ्याकडे असं बघितलं, की मीच गॅस आहे. "कपाशीच्या वाळल्या काट्या-काटक्यांवर भाजलेलं पाहिजे. या आवारात. वास सगळीकडे गेला पाहिजे. एक तर त्या माणसाला वर चढवा, नाही तर दुसरं घर बघा."

नानांच्या कानावर हे गेलंच, आवारात भिंती पातळ होत्या. ते दोन दिवस दाराला लटकले नाहीत. गरोदर बाईचा डोहाळा मोडणं म्हणजे काय, हे त्यांना कळत होतं. तिसऱ्या दिवशी आमच्या दाराशी आले. हिला म्हणाले, "बाई, तुम्ही खुशाल भाजा. मी त्या दिवशी धुळ्याला जाऊन बसतो."

"तुम्ही धुळ्याला आणि नानी इथे वास घेत बसणार?" ही म्हणाली. "माझ्या घशाखाली उतरेल का ते?"

नानांनी टोपी काढून झटकली. पिठाचा एक ढग निघाला आणि त्या ढगातूनच ते निघून गेले.

त्यानंतरच्या रविवारी मी जे केलं ते चांगल्या मनाने केलं. नाना त्या दिवशी इतके जोरात होते की माजघर कधी ओलांडलं कळलंही नाही. त्यांनी हात लांब करून पोटावरच्या बोल्टात दोर अडकवला आणि सासुरवाडीत शिरले. पाय थरथरत होते. आता हे पडणार आणि आपण पोत्यासकट वर जाणार, या भीतीने मी दोर गच्च आवळला आणि पोत्यावर बसकण मारली. वर काय झालं ते मला दिसलं नाही. पण नाना पोटावरून असे सरसर वर गेले, जशी विहिरीतून बादली. साखळीला हात लागला. मी आनंदाने ओरडलो. आबा ओरडले. बकऱ्याही ओरडल्या.

नानांनी खाली येऊन पट्टा सोडला. मग म्हणाले, "भाऊसाहेब, माझा पाय टेकायच्या आधी मी वर गेलो."

"म्हणजे?"

"म्हणजे मी चढलो नाही. तुम्ही मला चढवलंत."

"कोणाला कळणार आहे नाना?"

त्यांनी खंडोबाला बोट दाखवावं तसं वर दाखवलं, पण दाखवलं ते कड्याकडे. "त्याला कळलंय."

घरी आल्यावर हे ऐकून हिने कपाळावर हात मारला. तांदूळ निवडत बसलेल्या नानींनी मात्र सूप बाजूला ठेवलं. "चंपाषष्ठीला मी येस," त्या म्हणाल्या. "दोर मी धरस."

नाना हसले. कोणी त्यांच्यासोबत हसलं नाही, म्हणून थांबले. "अगं, शिकावं लागतं ते."

"प्रत्येक भाडेकरूले आठे आवारमाच शिकाडं ना तुम्ही? मी काय तवय बहिरी व्हतू?" आणि खरंच, सूप सोडून त्या उठल्या, खुंटीवरचा दोर घेतला, दोर अडवायच्या लोखंडी आकड्यात ओवला, कसा सोडायचा, कसा अडवायचा, कशी गाठ मारायची ते सगळं करून दाखवलं. मला हे शिकायला सहा आठवडे लागले होते.

"पण वजनाचा नियम आहे," नाना हळूच म्हणाले.

नानींनी काट्याकडे बघितलं. मग नानांकडे.

"अंदाजानं पास," नाना म्हणाले.

चंपाषष्ठीला आम्ही सगळे आबांच्या शेतात. खंडोबाचा टाक पाटावर मांडला होता. मला बिलेवरून काढून भट्टीवर बसवलं होतं. कपाशीच्या काट्यांचा जाळ आणि त्यात वांगी, ती फिरवायची. म्हणजे त्या दिवशीचं जे ऐतिहासिक काही आहे, ते मी धुरातून, डोळ्यांना पाणी आलेलं असताना पाहिलं आहे. ही एका घोंगडीवर राणीसारखी बसली होती आणि मला सांगत होती, "त्याला उलटं करा. हं. आता ते."

नानी कड्याखाली उभ्या राहिल्या, नऊवारी खोचून, पट्टा वरून बांधून. अशा उभ्या राहिल्या की कडा पडला असता तरी त्या हलल्या नसत्या. पोतं लागलंच नाही. ते बकऱ्यांनी खाल्लं.

नाना ओटा चढले, खिडकी चढले. माजघरात चिमटीने वर सरकले. पोटावरच्या बोल्टात दोर अडकवला आणि सासुरवाडीच्या तोंडाशी थांबले.

"आवळा," वरून आवाज आला.

नानींनी हातभर दोर सोडला. दोराचा झोळ नानांच्या गुडघ्यापाशी लोंबायला लागला.

"अगं आवळ म्हणतोय मी."

"तीस वरीस पासून ढीलच देस मी तुम्हले," नानी खालून म्हणाल्या. "आजच काबरं आवळू? पाय वर ल्या."

"पडीसन मरसू ना."

"पडनात तर धरसू. तवलोंग पाय वर ल्या."

पडायच्या आधीच नाना अहिराणीवर आले होते, म्हणजे मामला गंभीर होता. मी हातातलं वांगं तसंच धरून उभा राहिलो. नानांनी एकदा त्या झोळाकडे पाहिलं. आपल्याला वर ओढणारं आता कोणी नाही, हे त्यांना बहुतेक पहिल्यांदाच कळलं. त्यांनी बटव्यात हात घातला, तांदळाच्या पिठीचा ढग झाला, आणि ढग विरला तेव्हा त्यांचा उजवा पाय कानाच्या पातळीला गेलेला होता. पायजमा उसवल्याचा आवाज भट्टीपर्यंत आला. मग डावा हात, एक नख, दुसरं नख, पोटावर पोट घासत नाना वर सरकले. दोर शेवटपर्यंत ढिला होता. साखळीला कडी लागल्याचा खट्ट आवाज आला.

ही घोंगडीवरून उठली. "वाढा," ती म्हणाली.

तेवढ्यात आबांनी कपाळावर हात आडवा धरून वर पाहिलं. "नाना, पन तुम्ही वर गयात कोठे? वर अजून बठ्ठा डोंगर बाकी शे."

आणि ते खोटं नव्हतं. साखळीच्या वर आणखी तेवढाच दगड होता, मग झाडं, मग आभाळ. पोरांचा खेळ साखळीशी संपत होता, डोंगर संपत नव्हता. आम्ही कोणी कधी तिकडे पाहिलंच नव्हतं.

नानांनी पाहिलं. मान वर करून बराच वेळ पाहिलं. मग खाली ओरडले, "आबा म्हणतात ते बरोबर आहे. मी 'कडा' म्हणालो होतो. साखळी म्हणालो नव्हतो."

हिचा आवाज गेला. माझ्या हातातलं वांगं गेलं. म्हणजे आणखी एक वर्ष, आणि आमच्या घरात तोवर पाळणा हलत असणार.

"खाली सोडा," नाना म्हणाले.

नानींनी दोर आकड्यावर गुंडाळला, गाठ मारली आणि दोन्ही हात मोकळे करून कमरेवर ठेवले.

"सोड ना खाली."

"आधी कबूल करा, चढनू म्हनीसन. नही तर मी सोडाव नही."

"अगं, शपथ खंडोबाची आहे."

"खंडोबाले मी समजाडसू. त्याले दोन बायका शेतीस, त्याले बठ्ठं समजस."

नाना लोंबत राहिले. उसवलेल्या पायजम्यातून वारा जात होता. नानींनी माझ्याकडे नुसतं बघितलं, आणि मला आयुष्यात एकदाच न सांगता काहीतरी कळलं. मी राहिलेली सगळी वांगी जाळात घातली. वारा कड्याच्या बाजूचा होता. काट्यांचा धूर, करपत्या सालीचा तो वास, सरळ वर निघाला. मग हिने लाकडी परातीत वांगी ठेचायला घेतली, त्यात भाजलेली मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, आणि वरून चरचरतं तेल.

आबा म्हणाले, "मना काही आग्रह नही भो. साखळी तर साखळी."

वर सगळं शांत. मला वाटलं, झोपले की काय. बऱ्याच वेळाने साखळीपासून एक बारीक आवाज खाली आला.

"मिरची हिरवी घातली का?"

नानींनी गाठ सोडली.

नानांनी पट्टासुद्धा काढला नाही. पळसाच्या पानावर नैवेद्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी आली, त्यांनी पहिला घास मोडला आणि नानींच्या पानात ठेवला. नानींनी तो खाल्ला. म्हणाल्या, "मीठ कमी शे." आणि मग तीन वर्षांचं एकदम जेवल्या.

त्या हिवाळ्यात आवारात एक दिवसाआड वांगी भाजली गेली. हिचा डोहाळा पुरला, मुलगी झाली, आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर माझी बदली भुसावळला. सामान ट्रकमध्ये चढलं, तशी नानांनी मला हाताला धरून गिरणीत नेलं आणि काट्यावर उभं केलं. वजन पुढे सरकवलं. आणखी पुढे सरकवलं. चष्मा कपाळावर नेला.

"अडुसष्ट," ते म्हणाले. "आता कुठं बिलेवाला म्हणावं असे झालात भाऊसाहेब, तर निघालात."